काळा दाणा, पांढरी अळी

कापून टाकलेल्या पावलाकडे सहसा कोणी वळून बघत नाही. हेन्री वँडाइक कार्टरने बघितलं. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, १८६०च्या आसपास, त्याने अशी पावलं उभी चिरली, कातडी, चरबी, स्नायू, हाड असे थर मोकळे केले आणि जे दिसलं ते कागदावर उतरवलं. उतरवण्यात त्याचा हात धरणारं त्या काळी क्वचितच कोणी होतं. ज्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’वर डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या घोकंपट्टी करत मोठ्या झाल्या, त्यातली चित्रं या कार्टरची. १८५८ साली ते पुस्तक लंडनमध्ये निघालं तेव्हा चित्रकार मुंबईला पोचलासुद्धा होता. पुस्तकाला नाव लागलं ग्रेचं. कार्टर इकडे उकाड्यात पावलं चिरत बसला.

पाऊल बाहेरून सुजून गोळा झालेलं, जागोजागी गळवांना तोंडं पडलेली. आत हाडापर्यंत पोचलेले बोगदे, आणि बोगद्यांच्या पोटात काळे दाणे. बंदुकीच्या दारूसारखे, असं तेव्हाचे डॉक्टर लिहीत. मला स्वयंपाकघरातली मोहरी आठवते: आकार साधारण तेवढाच, रंग तोच, आणि बोटांत चुरडायला गेलं तर तसाच कडकपणा. कार्टरने दाणा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यात तंतूंचा गुंता. पाऊल पोखरणारं हे काही विष नव्हतं की बिघडलेलं रक्त नव्हतं. ती बुरशी होती.

रोग तसा माहीत होता. १८४२ साली मदुरैच्या दवाखान्यात जॉन गिल नावाच्या डॉक्टरने त्याची नोंद केली होती, म्हणून त्याला ‘मदुरा फूट’ म्हणत. कार्टरने त्याला ‘मायसेटोमा’ म्हटलं, म्हणजे बुरशीची गाठ, आणि ते नाव आजही चालतं. मधली नऊएक वर्षं, १८६३ ते १८७२, तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. १८७४ साली त्याने या एका रोगावर अख्खं पुस्तक काढलं.

एवढ्या बारीक नजरेचा माणूस एका ठिकाणी मात्र चकला. नमुन्यांवर उगवलेली एक तांबूस-गुलाबी बुरशी त्याला सापडली. ती इंग्लंडला पोचली, आणि तिथले नामवंत बुरशीतज्ज्ञ माइल्स बर्कली यांनी तिला कार्टरचं नाव देऊन टाकलं: कायोनिफे कार्टेरी. पुढे कळलं की ती उपरी होती. लोणच्याच्या फोडीवर बुरा धरावा तशी, मेलेल्या मांसावर बाहेरून येऊन बसलेली. खऱ्या गुन्हेगाराला ‘मॅडुरेला’ हे नाव १९०५ साली फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुंप्त यांनी दिलं. आज तिचं पूर्ण नाव मॅडुरेला मायसेटोमॅटिस.

ही जुनी चूक मी मुद्दाम उकरून काढली. समजा, त्या काळी कोणी या रोगावर औषधं तपासायला घेतली असती. गुलाबी बुरशी बशीत वाढवली असती, वर एकेक रसायन टाकलं असतं, कुठलं लागू पडतं ते काटेकोर लिहून ठेवलं असतं. सगळं बिनचूक, फक्त भलत्याच बुरशीवर. आज कुठल्याही प्रयोगशाळेत नवं संयुग हातात घेण्याआधी बुरशीची ओळख डीएनएवरून पटवतात, ती याच धास्तीने.

*

आपल्याकडे पायात बाभळीचा काटा मोडणं यात बातमी नसते. सुईने कोरायचा, नाही निघाला तर वर बिब्ब्याचा चटका द्यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधावर. सुदानच्या शेतकऱ्याचं आणि मेंढपाळाचंही तेच. मॅडुरेला तिथल्या मातीत राहते. काट्यांवरही तिचा डीएनए सापडला आहे. काटा रुततो, त्याच्यासोबत बुरशीचा एखादा धागा आत जातो, आणि मग काहीच होत नाही. महिने जातात. पावलावर एक गाठ येते. ती दुखत नाही, आणि इथेच घात होतो. न दुखणाऱ्या गाठीसाठी पदरची मजुरी बुडवून कोण शहर गाठणार? वर्षं उलटतात, दाणे हाडात उतरतात, आणि मग रुग्ण येतो तेव्हा अनेकदा पाय कापण्यावाचून इलाज उरलेला नसतो. सुदान, मेक्सिको, भारत हे या रोगाचे जुने मुलूख. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या दुर्लक्षित रोगांच्या यादीत त्याला जागा मिळाली ती २०१६ साली. दुर्लक्षितांच्या यादीतसुद्धा दुर्लक्षित राहिलेला रोग.

अगदी असाच दिसणारा रोग काही जिवाणूही घडवतात. तेच सुजलेलं पाऊल, तसेच दाणे. पण जिवाणू निघाला तर डॉक्टरला हायसं वाटतं, कारण प्रतिजैविकं त्याला पुष्कळदा आवरतात. बुरशी निघाली की काम अवघड होतं. असं का?

कारण बुरशी आपली भाऊबंद आहे.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शिळ्या भाकरीवरच्या हिरव्या मखमलीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहिलं होतं. मेथीची जुडी, भाकरीवरची बुरशी आणि ती भाकरी टाकून देणारे आपण, या तिघांत जवळची जोडी कोणती, असं विचारलं तर कोणीही मेथी आणि बुरशीकडे बोट दाखवेल. दोन्ही मुकाट एका जागी वाढतात. पण जीवांच्या वंशावळीत झाडांची शाखा आधी फुटली. प्राणी आणि बुरशी यांचे पूर्वज त्यानंतरही बराच काळ एकच होते. ती वाटणी अब्जभर वर्षांपूर्वीची. खुणा अजून दिसतात. झाड आपली साखर स्टार्च म्हणून साठवतं. बुरशी ती ग्लायकोजेन म्हणून साठवते, आपल्या यकृतासारखी. तिच्या भिंतीतलं कायटिन चिंबोरीच्या कवचात असतं.

पेनिसिलिनसारखं औषध जिवाणूच्या भिंतीवर घाव घालतं, कारण तसली भिंत आपल्या पेशीला नसतेच. परक्याला मारणं सोपं. भावाला मारायचं तर घर एकच, विहीर एकच, चूलही एकच. विष कालवायचं कुठे? बुरशीला मारणारी रसायनं शोधायला फार लांब जावं लागत नाही. कपडे धुण्याचं ब्लीच मारतं, उकळतं पाणी मारतं, मोरचूद मारतो. अडचण एवढीच की त्यांना आपला आणि तिचा फरक कळत नाही.

आणि फरक किती बारीक असावा? आपल्या पेशीच्या पडद्यात कोलेस्टेरॉल असतं. बुरशीच्या पडद्यात त्याच जागी, त्याच कामाला अर्गोस्टेरॉल. दोन्ही रेणू शेजारी ठेवले तर जुळे वाटतील: तीच चार कड्यांची बांधणी, तशीच शेपटी. अर्गोस्टेरॉलमध्ये एक कार्बन जास्त, आणि दोन दुहेरी बंध जास्त. बस्स. (याच अर्गोस्टेरॉलवर ऊन पडलं की त्यापासून ड जीवनसत्त्वाचा एक प्रकार तयार होतो, म्हणून अळंब्या उन्हात ठेवायला सांगतात.) फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही नावं गजकर्णाच्या चिठ्ठीवर पाहिली असतील; त्या सगळ्या घराण्याचा संसार या एवढ्याशा फरकावर चालतो. अर्गोस्टेरॉल घडवणाऱ्या एका विकराच्या खाचेत हे रेणू जाऊन बसतात, आणि बुरशीचा पडदा विणणं थांबतं.

तसाच विकर आपल्याकडेही आहे, आणि त्याच कुळातले आणखी कितीतरी. मायसेटोमासाठी वर्षानुवर्षं दिलं जाणारं केटोकोनॅझोल त्यांनाही जाऊन चिकटायचं. यकृत बिघडायचं, संप्रेरकं ढळायची, काही पुरुषांच्या छातीला स्त्रीसारखी वाढ व्हायची. २०१३ साली अमेरिकेत आणि युरोपात त्या गोळ्यांवर कडक बंधनं आली.

*

आता परीक्षा प्रत्यक्षात कशी घेतात ते बघू. माझ्या मते गंमत तिथेच आहे.

तळहाताएवढी प्लास्टिकची एक प्लेट असते. तीत बारा बाय आठ अशा ९६ खळग्या, आप्पेपात्राची सूक्ष्म आवृत्ती म्हणा ना. पहिल्या खळगीत नवं संयुग भरपूर घालायचं. दुसरीत त्याच्या निम्मं, तिसरीत त्याच्या निम्मं. ६४, ३२, १६, ८, ४ असं उतरत उतरत दहाव्या खळगीत ते ०.१२५वर येतं. माप मायक्रोग्रॅमचं, एका मिलिलिटरमागे. अकरावीत औषध नाही, फक्त बुरशी: ती वाढलीच पाहिजे. बारावीत बुरशी नाही, फक्त पाणी आणि खाद्य: ते निवळ राहिलंच पाहिजे. अकरावी वाढली नाही किंवा बारावी गढूळ झाली, तर सगळी प्लेट टाकून द्यायची, मधल्या दहा खळग्यांनी कितीही छान बातमी दिलेली असो.

कँडिडासारख्या यीस्ट जातीच्या बुरशीवर हे सगळं एका दिवसात उरकतं. तिच्या सुट्या पेशी असतात, मोजून टाकता येतात. खळगीमागे शे-पाचशे पेशी, ३५ अंशांची ऊब, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर. ज्या सगळ्यांत पातळ खळगीत वाढ थांबली, तो त्या औषधाचा आकडा. आकडा जितका लहान, तितकं औषध जोरदार.

मॅडुरेला मात्र या बाबतीत महा अडेल. प्रयोगशाळेत ती सहसा बीजाणूच धरत नाही, त्यामुळे पेशी मोजायच्या कशा? नुसते तंतूंचे पुंजके, विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखे. तो गुंतवळ ध्वनिलहरींच्या दांडीने काही सेकंद हादरवून तोडावा लागतो. फार वेळ धरली तर तुकडे मरतात, थोडका वेळ धरली तर गाठी राहतात. मग ते पाणी किती गढूळ झालं हे प्रकाश आरपार सोडून मोजायचं आणि सगळ्या खळग्यांत सारखं वाटायचं. पुढे ३७ अंशांवर सात दिवस थांबायचं. एका उत्तराला आठवडा, आणि मधे कुठे परकी बुरशी शिरली तर पहिल्यापासून.

सात दिवसांनंतरही नुसत्या डोळ्यांनी भागत नाही. तंतू मेले की नुसते थबकले, दिसायला दोन्ही सारखेच. म्हणून रेझाझुरिन नावाचा निळा रंग टाकतात. जिवंत पेशीचं श्वसन चालू असेल तर ती या रंगाला बदलून गुलाबी करते. मेलेली करू शकत नाही, रंग निळाच राहतो. हा रंग या कामाचा नव्हेच. तो आला दुधाच्या धंद्यातून. दुधात जंतू किती हे ताडायला हा रंग त्यात घालून तो किती लवकर पालटतो ते बघत. आपल्या डेअऱ्यांत मिथिलीन ब्लूची परीक्षा करतात, ती याचीच चुलतबहीण. संकलन केंद्रावर दुधाचा भाव पाडणारा साधा रंग इथे पावलं वाचवण्याच्या कामाला जुंपलेला पाहून मला भारी मौज वाटली.

तर प्लेटवर शेवटी दिसतं काय? डावीकडून निळ्या खळग्यांची ओळ सुरू होते, कुठेतरी जांभळी झाक येते, आणि पुढे सगळं गुलाबी. निळं संपून गुलाबी सुरू होण्याची ती एक हद्द. सगळी धडपड ती हद्द उजवीकडे सरकवण्याची.

*

तपासायला रेणू आणायचे कुठून? औषध कंपन्यांना अनवाणी मेंढपाळाच्या पायात बाजार दिसत नाही. म्हणून २०१८ साली एक वेगळीच तऱ्हा सुरू झाली. खार्तूमचं मायसेटोमा संशोधन केंद्र, नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचं इरास्मस विद्यापीठ रुग्णालय, सिडनी विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ आणि दुर्लक्षित रोगांसाठी औषधं काढणारी डीएनडीआय ही जिनिव्हाची संस्था यांनी मिळून ठरवलं की यात काहीच झाकायचं नाही. पेटंट नाही. प्रयोगवहीची पानं सगळ्यांना उघडी. कुठल्याही देशातल्या कुणीही रेणू सुचवावा, बनवावा, तपासायला पाठवावा; फसला तरी ते फसणंही सगळ्यांना दिसावं. या कामाला त्यांनी नाव दिलं मायसेटॉस. औषधांच्या दुनियेत, जिथे अपयश कपाटात कुलूप लावून ठेवतात, तिथे ही गोष्ट जवळपास वेड्यासारखी. मला ती फार आवडते.

सुरुवात दोन डब्यांपासून झाली. मलेरियाच्या औषधांवर काम करणाऱ्या एका संस्थेने जगभरच्या प्रयोगशाळांना फुकट वाटण्यासाठी प्रत्येकी ४०० रेणूंचे डबे तयार केले होते. मिसळणाच्या डब्यासारखेच, फक्त वाटी-वाटीत थेंबाचाही अंश. अट एकच: जे निघेल ते जाहीर करायचं. दोन डब्यांतले मिळून ८०० रेणू मॅडुरेलावर लावून पाहिले. बहुतेक निकामी ठरले. जे टिकले, त्यांतलं एक घराणं नजरेत भरलं: फेनारिमोल.

या घराण्याचा प्रवास ऐकण्यासारखा आहे. मूळ फेनारिमोल हे शेतीतलं बुरशीनाशक, पानाफळांवरच्या भुरी रोगासाठीचं. भुरी म्हणजे काय हे नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला सांगायला नको. पुढे औषधशोधकांच्या ध्यानात आलं की दक्षिण अमेरिकेतल्या शागास रोगाचा परजीवीसुद्धा अर्गोस्टेरॉलच्या घराण्यातलाच पडदा विणतो. मग फेनारिमोलला कातून-तासून त्याची नवी भावंडं त्या परजीवीसाठी घडवली गेली. आणि आता तीच भावंडं पायातल्या बुरशीपुढे उभी. द्राक्षाचं पान, शागासचा परजीवी, सुदानी शेतकऱ्याचं पाऊल, तिघांना एकच कुलूप, म्हणून एक किल्ली.

उलट बाजूचा धडाही आधीच मिळाला होता. बुरशीच्या भिंतीतला ग्लुकन नावाचा धागा तोडणारी औषधं आहेत, कॅस्पोफंजिन आणि मंडळी. आपल्या पेशीला भिंतच नाही, तेव्हा कागदावर याहून शहाणं औषध शोधून सापडणार नाही. कँडिडावर ते कामही चोख करतं. मॅडुरेलाच्या प्लेटवर मात्र त्याचा फारसा प्रभाव पडला नाही. रॉटरडॅमच्या गटाने ते तपासून पाहिलं, आणि गुलाबी रंग पार डावीकडे सरकलेला.

*

एवढं सगळं झाल्यावर मेख कळते ती ही, की प्लेटमध्ये दाणा नसतो.

प्लेटमधली बुरशी म्हणजे मोकळ्या पाण्यात पोहणारे तंतू. औषध चारी बाजूंनी भिडतं. पावलात बुरशी अशी मोकळी कधी राहतच नाही. ती तटबंदी उभारते. स्वतःची प्रथिनं, मेलॅनिन आणि रुग्णाच्याच पेशींचा चुरा यांचा चुना मळून तंतूंभोवती थापते, आणि तो दगडासारखा होतो. डॉक्टर त्याला सिमेंटच म्हणतात. म्हणजे आपल्या देहाने हल्ला करायला पाठवलेले शिपाई ती मारते, आणि त्यांच्याच मातीने किल्ल्याची भिंत लिंपते. मेलॅनिन तर आणखी वरचढ. रॉटरडॅममध्ये बुरशीचं मेलॅनिन वेगळं काढून प्लेटमध्ये मिसळून पाहिलं, तर इट्राकोनॅझोल आणि केटोकोनॅझोल यांचा आकडा कित्येक पटींनी वाढला. ते औषधाला स्वतःला चिकटवून घेतं. आपल्या केसांत आणि कातडीत रंग भरणारं द्रव्य इथे चिलखत झालेलं.

तेव्हा दाण्यावर परीक्षा घ्यायची, तर दाणा घडवणारा जिवंत देह हवा. उंदरात हे दाणे मनासारखे घडवणं कटकटीचं आणि खर्चिक. मग ज्याला हाताशी धरलं त्याचं नाव ऐकून महाबळेश्वरचे मधपाळ कपाळाला हात लावतील: मेणपतंगाची अळी.

मधमाश्यांची वसाहत कमकुवत झाली की ही अळी पोळ्यात शिरते, मेण कुरतडत भुयारं पाडते आणि मागे पांढरं जाळं सोडत जाते. पेटी उघडावी तर पोळ्याच्या जागी कापसाचा लगदा. पण प्रयोगशाळेत ती गुणाची. साय रंगाची, बोटाच्या पेराएवढी, इंजेक्शन देता येईल इतकी जाड, आणि मुख्य म्हणजे ३७ अंशांवर, आपल्या अंगाच्या उष्णतेत, खुशाल जगते. तिच्या रक्तातल्या पेशी परक्याला गिळायला धावतात, बऱ्याचशा आपल्या पांढऱ्या पेशींसारख्याच.

अळी दोन बोटांत हलकेच उताणी धरतात. शेपटीकडच्या मऊ पायांच्या जोड्यांपैकी शेवटचा डावा पाय बारीक सुईने टोचतात आणि बुरशीच्या तंतूंचा थेंब आत सोडतात. पाय टोचूनच रोग आत गेला म्हणायचं, माणसासारखा. चार तासांनी पहिली औषधाची मात्रा, मग एकेका दिवसाने आणखी दोन. काही अळ्यांना औषधाऐवजी नुसतं पाणी, तुलनेसाठी. पुढचे दहा दिवस रोज झाकण उघडून प्रत्येक अळीला टोकायचं: हलली तर जिवंत.

आणि त्या पांढऱ्या अळीच्या पोटात काही दिवसांत दाणे धरतात. चिरून रंगवून पाहिले तर माणसाच्या पावलातल्या दाण्यांसारखेच, सिमेंटसकट. बुरशीला आपण कुठे आहोत याची पर्वाच नाही. जिवंत शरीर लागलं की किल्ला बांधायचा. अळीही स्वस्थ बसत नाही. आजारी पडली की ती काळवंडत जाते, कारण कीटकांची प्रतिकाराची रीतच ही: घुसखोराभोवती मेलॅनिनचा लेप द्यायचा, त्याला आवळून कोंडायचं. एकाच अंगात दोघांनी एकच काळं द्रव्य हत्यार म्हणून उपसलेलं. एकाचं कोंडण्यासाठी, दुसऱ्याचं लपण्यासाठी.

या टप्प्यावर प्लेटमधले भलेभले गळतात. निळ्या खळग्यांची लांबलचक ओळ दाखवणारे रेणू अळीला एक दिवसही जास्त जगवत नाहीत. दाण्यापर्यंत पोचतच नसतील, किंवा वाटेतच मोडत असतील. फेनारिमोलांतल्या थोड्यांनी मात्र अळ्यांचं आयुष्य वाढवून दाखवलं, म्हणून त्यांच्यावर पुढे काम करायचं ठरलं. औषध व्हायला त्यांना अजून मोठा पल्ला आहे.

*

तो पल्ला किती निसरडा असतो, ते फॉसरॅव्युकोनॅझोलने दाखवलं. हे जपानी औषध तिथे २०१८ साली नखांच्या बुरशीसाठी मंजूर झालं. शरीरात गेल्यावर त्याचं रॅव्युकोनॅझोल होतं, आणि मॅडुरेलाच्या प्लेटवर रॅव्युकोनॅझोलने कमाल केलेली: एका मिलिलिटरला ०.०३१ मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही कमी पुरतं. शिवाय ते अंगात इतकं रेंगाळतं की आठवड्यातून एकदा घेतलं तरी चालावं. सध्याचं इट्राकोनॅझोल रोज दोनदा, तेही जेवणासोबत, वर्षभर. गावात दोन वेळचं जेवण नेमाने मिळत नसेल तर ‘जेवणासोबत’ या एका शब्दाची किंमत काय होते, ते सांगायला नको.

२०१७ साली खार्तूमला चाचणी सुरू झाली. मायसेटोमासाठी अशी चाचणी, ज्यात कोणाला कुठलं औषध मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, जगात कुठेच झालेली नव्हती. १०४ रुग्ण, तीन गट, मधे सहा महिन्यांनी शस्त्रक्रिया. निकाल २०२४ साली छापून आला. वर्षअखेरीस पूर्ण बरे झालेले: फॉसरॅव्युकोनॅझोलची ३०० मिलिग्रॅमची मात्रा घेणाऱ्या ३४ पैकी १७, २०० मिलिग्रॅमच्या ३४ पैकी २२, आणि जुन्या इट्राकोनॅझोलच्या ३६ पैकी २७.

प्लेटवर इतका लहान आकडा दाखवणाऱ्या औषधाने पावलात जुन्या औषधाला मागे टाकलं नाही. बरं, मात्रा वाढवली म्हणून गुणही वाढला नाही. तीसचाळीस रुग्णांच्या गटात असे आकडे नशिबानेही हलतात, त्यामुळे नवं औषध वाईट ठरलं असंही म्हणता येत नाही. आठवड्याला एकदा घ्यायच्या औषधाची सोय कोणी नाकारत नाही, आणि डॉक्टरांना ते हवंच आहे. पण खळगीतला आकडा आणि पावलातला गुण यांच्यामध्ये एक काळा दाणा बसलेला असतो, आणि तो अजून कोणाला पुरता उकललेला नाही.

एप्रिल २०२३मध्ये सुदानात युद्ध पेटलं. खार्तूमचं केंद्र त्यात उद्ध्वस्त झालं. चाळीस वर्षांहून जास्त काळची माहिती आणि नमुने ज्यात होते तो सगळा साठा गेला, असं केंद्राचे संचालक अहमद हसन फहल यांनी नंतर सांगितलं. रुग्णांच्या पायांतून एकेक करून काढलेल्या बुरशा त्यात होत्या.

त्यांतल्या काही मात्र आधीच परगावी गेलेल्या होत्या. एमएम५५ नावाचा वाण एका सुदानी रुग्णाचा. मॅडुरेलाचा जनुकसंच पहिल्यांदा वाचला गेला तो याच वाणाचा, आणि रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेत तो आजही वापरात आहे. त्या रुग्णाचं नाव कुठे छापलेलं नाही. नवा रेणू आला की हा वाण पुन्हा बाहेर निघतो, ध्वनिलहरींनी तुटतो, खळग्यांत वाटला जातो. सात दिवसांनी निळा रंग पडतो. पहिल्या दहा खळग्यांत काय होईल ते रेणूवर. अकरावीत औषध नसतं. ती गुलाबी होते.